जहाजमालकाची छत्री

"अहो, वर या जरा. ही छत्री आपली नाही."

विनताबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. विजय नगरचे कावळे पापडाच्या बाबतीत फार लाडावलेले. पण शेजारी काळी छत्री उघडून ठेवली की ते फिरकत नाहीत, हा विनताबाईंचा माहेरून आणलेला इलाज होता. त्यासाठीच त्यांनी माळ्यावरून छत्री काढली होती.

"काळी आहे ना? मग आपलीच," श्रीकांतराव खालून म्हणाले. पेपर वाचताना कोणी हाक मारलेली त्यांना आवडत नसे.

"पण यावर नाव नाही."

आता मात्र श्रीकांतरावांनी पेपर खाली ठेवला. हर्ष्यांच्या घरात नाव नसलेली वस्तू म्हणजे अघटितच. पातेल्यांवर नाव, डब्यांवर नाव, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठीवर नाव. स्क्रू पिळायच्या पेचकसाच्या मुठीवरसुद्धा नाव. आणि छत्रीवर तर पांढऱ्या ऑइलपेंटनं ठसठशीत 'श्रीकांत हर्षे, विजय नगर, जबलपुर'. ओमती भागातल्या गणपत छत्रीवाल्याकडून त्यांनी ते खास लिहून घेतलं होतं.

ही सवय नोकरीतली. श्रीकांतराव एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते आणि तिथून साहेब होऊन निवृत्त झाले. सुटीच्या भोंग्याला गेटवर उभं राहून झडती घ्यायची ड्यूटी त्यांनी किती वर्षं केली, ते त्यांनाच ठाऊक. कोणाच्या डब्यात नट निघायचा, कोणाच्या मोज्यात स्क्रू. पकडलेला प्रत्येक माणूस एकच सांगायचा, "पड़ा था साहब. काम आ जाता." साहेब म्हणायचे, "आज स्क्रू, कल ट्रक." आणि स्वतः मात्र सगळ्या नोकरीत सरकारचा एक स्क्रू घरी आणला नाही. ही गोष्ट ते कोणालाही सांगत. लग्नात सांगत, बारशाला सांगत. एकदा तर तेराव्याला सांगून आले होते.

ते वर पोचले तेव्हा विनताबाई छत्री उघडायचा जोर करत होत्या. "अडकून राहिली," असं म्हणून त्यांनी दांड्यावरची कडी जोरात वर लोटली आणि फर्र असा आवाज झाला. काडीपासून काडीपर्यंत कापड फाटलं.

"अगं, हळू."

"मी हळूच केलं. कापडच कुजलं आहे मेलं. आणि हे रेशीम आहे हो. हे पाहा, इथं कोणी हिरव्या दोऱ्यानं रफूसुद्धा केला आहे. आपली छत्री नायलॉनची होती ना?"

श्रीकांतरावांनी मूठ पाहिली. मूठ शिंगाची होती. मुठीखाली चांदीची काळवंडलेली पट्टी होती, ती एका बारीकशा पितळी स्क्रूनं बसवलेली, आणि पट्टीवर वळणदार इंग्रजी अक्षरं कोरलेली.

"विनता," ते हळूच म्हणाले, "ही त्या हवेलीतली आहे."

झालं होतं असं. त्यांची मुलगी अवंतिका स्पेनमध्ये बास्क मुलखात नोकरीला होती, आणि तिनं तिथलाच एक मुलगा पसंत केला होता. त्याचं नाव उनाई. मागच्या ऑक्टोबरमध्ये हर्षे पतिपत्नी मुलगा बघायला म्हणून तिकडे जाऊन आले. उनाईची आई अमाया समुद्रकाठच्या एका गावात जुनी हवेली सांभाळायची. डॉन इग्नासियो नावाच्या कोण्या जहाजमालकाची हवेली. त्याची जहाजं अर्ध्या जगात फिरायची. आता ती हवेली लोकांना बघायला उघडी होती, आणि मालक आत्ताच बाहेरून आला असावा अशी तिथं सगळी मांडणी होती. खुंटीला त्याची टोपी, टेबलावर त्याचा चष्मा आणि दारातल्या पितळी स्टँडमध्ये त्याची छत्री.

त्या दिवशी तिथं भुरभुर पाऊस होता. श्रीकांतरावांनी, कोणाच्याही घरी जाताना करतो तसं, दारात बूट काढले आणि आपली छत्री त्या स्टँडमध्ये टाकली. आत आधीच एक छत्री होती. असेल कोणाची, त्यांना वाटलं. अमायाबाई खूप वेळ काहीतरी सांगत होत्या. त्यांचं बोलणं उनाई इंग्रजीत करायचा, इंग्रजीचं अवंतिका मराठीत करायची, आणि श्रीकांतरावांपर्यंत येईतो त्यातलं "खूप जुनं आहे, बाबा" एवढंच उरायचं. शेवटी त्यांनाही काहीतरी सांगावंसं वाटलं. जहाजमालकाच्या त्या दिवाणखान्यात उभं राहून त्यांनी स्क्रूची गोष्ट सांगितली. अमायाबाईंनी छातीवर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या. "अशी माणसं आता राहिली नाहीत म्हणते ती," अवंतिकेनं सांगितलं. त्या भरात निघताना श्रीकांतरावांनी स्टँडमधून हाताला आली ती छत्री उचलली. पाऊस थांबला होता म्हणून ती उघडली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी विमान होतं. तीन विमानतळांवरून ते ती काठीसारखी टेकत आले होते.

"अवंतिकेला फोन लावा," विनताबाई म्हणाल्या.

"अन् काय सांगू? तुझ्या सासूच्या घरून छत्री उचलून आणली म्हणून?"

"उचलली नाही, चुकून आली म्हणा ना."

"गेटवर सगळे हेच म्हणत होते," श्रीकांतराव म्हणाले आणि पापडांजवळच मटकन बसले.

खरी गोम पुढेच होती. ईस्टरची सुट्टी धरून अवंतिका, उनाई आणि अमायाबाई गुरुवारी जबलपूरला येणार होते. लग्नाची बोलणी व्हायची होती. अवंतिकेनं बापाला फोनवर बजावलं होतं, "बाबा, प्लीज, सगळं नीट होऊ द्या. अमायाला तुमच्याबद्दल खूप रिस्पेक्ट आहे." आणि ज्याच्याबद्दल रिस्पेक्ट आहे तो माणूस विहीणबाईंच्याच ताब्यातली वस्तू पळवून, वर फाडून बसला होता. मुलीच्या सासरी आपलं नाव काय राहील, या विचारानं त्यांचे कान तापले.

"आधी दुरुस्त करून आणतो," ते म्हणाले. "मग सवडीनं, लग्न ठरल्यावर, देऊन टाकू."

"मी काय म्हणते, आत्ताच सांगून मोकळं व्हावं. लपवलेलं जास्ती वास मारते."

"तू पापड पाहा," श्रीकांतराव म्हणाले.

गणपतचं दुकान ओमतीला एका गल्लीच्या तोंडाशी होतं. त्यानं छत्री हातात घेतली, मूठ फिरवून पाहिली आणि भुवया वर केल्या. "साहब, ये तो बड़ी पुरानी चीज है. कहाँ की है?"

इथं खरं बोलले असते तर पुढचं रामायण टळलं असतं. पण दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यातला एक कारखान्यातला जुना माणूस होता. त्याच्या मोज्यातून श्रीकांतरावांनी कधीकाळी स्क्रू काढला होता. तो नमस्कार करून हसला.

"कहाँ की क्या," श्रीकांतराव घाईनं म्हणाले, "घर ही की है. मेहमान आ रहे हैं, जरा अच्छे से कर देना."

"घर की है तो फिर देखना ही नहीं," गणपत म्हणाला. "एकदम फर्स्ट क्लास करता हूँ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते छत्री आणायला गेले. गणपतनं ती मोठ्या प्रेमानं त्यांच्यासमोर उघडली. कुजकं रेशीम गेलं होतं. काड्यांवर कोरं करकरीत नायलॉन चढलं होतं. मूठ घासूनपुसून लखलखीत केलेली, चांदीची पट्टीही पावडरनं चकाचक. आणि वरच्या बाजूला, ताज्या पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये, 'श्रीकांत हर्षे, विजय नगर, जबलपुर'.

श्रीकांतरावांनी नावाकडे बोट केलं. "ये... ये नाम काहे को डाला, भैया?"

"लो," गणपत म्हणाला, "आप ही ने तो कहा घर की है. आपके घर की चीज पे नाम न हो, ऐसा कभी हुआ है?"

श्रीकांतरावांनी छत्री हातात घेतली. "और पुराना कपड़ा?"

"फेंका नहीं साहब. जितना मजबूत था उतने की थैली सी दी, भाभीजी के लिए." त्यानं एक काळी रेशमी थैली पुढे केली. मजबूत कापड म्हणजे अर्थातच रफूच्या आजूबाजूचं. हिरव्या दोऱ्याचा तो रफू थैलीच्या अगदी मधोमध आला होता, नक्षी काढल्यासारखा.

घरी येईपर्यंत श्रीकांतरावांना एक गोष्ट कळून चुकली. परवापर्यंत ती चुकून आलेली छत्री होती. आता तिच्यावर त्यांचं नाव होतं, पत्ता होता. कोणत्याही चौकशीत यापेक्षा पक्का पुरावा त्यांनी स्वतः कधी मागितला नव्हता.

"कपडा?" विनताबाईंनी विचारलं.

"फेकला त्यानं," श्रीकांतराव म्हणाले आणि थैली साड्यांच्या लोखंडी कपाटात अगदी तळाशी कोंबून आले. या वयात बायकोशी खोटं बोलायची वेळ आली, याची त्यांना छत्रीपेक्षा जास्त लाज वाटली. मग त्यांनी रॉकेलचा बोळा घेऊन नाव घासायला सुरुवात केली. गणपतचं काम पक्कं. नाव जागचं हललं नाही, घरभर रॉकेलचा वास मात्र सुटला. शेवटी छत्री बेडरूममध्ये त्याच लोखंडी कपाटामागे गेली.

गुरुवारी पाहुणे आले. उनाई उंच, हसरा मुलगा. लग्नासाठी म्हणून तो देवनागरी शिकत होता आणि स्टेशनपासून घरापर्यंत प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत आला होता. "मि-ठा-ई. पं-च-र. दां-त का डॉ-क्ट-र." विनताबाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. अमायाबाई मात्र जरा गप्प होत्या. दारात शिरताना त्यांनी वाकून बूट काढले आणि काढता काढता दारामागे नजर टाकली. श्रीकांतरावांनी ती नजर पाहिली.

मग तेच सुरू झालं. अमायाबाई पाणी प्यायला म्हणून उठायच्या आणि जिन्याखाली डोकावायच्या. बाथरूम विचारायच्या आणि माळ्याकडे बघत उभ्या राहायच्या. शुक्रवारी सगळे भेडाघाटला जाऊन आले. नावेत बसून सगळ्यांनी संगमरवरी कडे पाहिले, अमायाबाईंनी मात्र नावाड्याची छत्री पाहिली. शनिवारी सकाळी विनताबाई बेडरूममध्ये गेल्या तर विहीणबाई लोखंडी कपाटासमोर उभ्या, आणि कपाटाचं दार उघडं.

"अहो, त्या घर तपासून राहिल्या," विनताबाई स्वयंपाकघरात येऊन कुजबुजल्या. "मुलगी द्यायच्या आधी आपण पाहतो तसं. पण इतकं? साड्यासुद्धा?"

"साड्या नाही," श्रीकांतरावांनी दार लोटून घेतलं. "तिला कळलं आहे. ती छत्री शोधून राहिली."

"मग सांगून टाका ना. हात जोडते."

"काय सांगू? फाटली हे सांगू, का नवीन कापड घातलं हे सांगू? का माझं नाव टाकलं हे सांगू? कुठून सुरू करू, तू सांग."

विनताबाईंनी पोह्यांत मीठ दुसऱ्यांदा टाकलं. आदल्या दोन दिवसांत श्रीकांतराव जेवले नव्हते म्हटलं तरी चालेल. अमायाबाई समोर आल्या की ते खिडकीतून बाहेर पाहत, आणि नवल म्हणजे त्याही दुसऱ्या खिडकीतून बाहेर पाहत. अवंतिका वैतागली. "बाबा, तुम्ही बोलत काहून नाही तिच्याशी? ती विचारून राहिली, तुझ्या बाबांना हे लग्न पसंत नाही का म्हणून."

गोष्ट इथवर आली होती. छत्रीपायी मुलीचं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि तरी जीभ काही उचलत नव्हती. उद्या सांगतो, श्रीकांतरावांनी मनाशी ठरवलं. उद्या ओटी भरण झालं की बाजूला घेऊन सांगतो.

रविवारी सकाळी विहीणबाईंची ओटी भरायची होती. अमायाबाईंना पाटावर बसवलं. विनताबाईंनी हळदकुंकू लावलं, साडी दिली, तांदळाची ओंजळ धरली. अमायाबाई अगदी शहाण्या मुलीसारख्या पदर म्हणून ओढणी पसरून बसल्या होत्या.

"आई, नारळ हातात कसा देतेस? थांब, कशात तरी घालून देऊ," अवंतिका म्हणाली आणि आत गेली. परत आली तेव्हा नारळ एका काळ्या रेशमी थैलीत होता. "ही कुठली बॅग आहे गं? कपाटात एकदम खाली पडली होती. काय मस्त आहे, अगदी व्हिंटेज."

श्रीकांतराव उठून उभे राहिले. पण तोवर थैली अमायाबाईंच्या ओटीत पडली होती.

अमायाबाईंनी हसून थैलीवरून हात फिरवला. मधोमध हिरव्या दोऱ्याशी बोट थांबलं. त्यांनी थैली डोळ्यांजवळ नेली. मग मान वर करून त्यांनी सरळ श्रीकांतरावांकडे पाहिलं. तो रफू त्यांच्या स्वतःच्या हातचा होता, हे सांगायला कोणा दुभाष्याची गरज नव्हती.

"अवंतिका," श्रीकांतराव म्हणाले, "सांग तिला. तुझा बाप चोर आहे म्हणून सांग."

"बाबा, काय बोलून राहिलात?"

"सांग म्हणतो ना."

अवंतिका उनाईकडे पाहू लागली. तेव्हा श्रीकांतराव आत गेले, कपाटामागून छत्री ओढून काढली आणि दिवाणखान्यात येऊन सगळ्यांसमोर उघडली. लपवायचंच नाही म्हटल्यावर निदान पूर्ण तरी दिसू दे. रॉकेलचा भपकारा आला. उनाई सवयीनं पुढे झाला आणि बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, स्वच्छ आवाजात वाचू लागला. "श्री-कां-त ह-र्षे. वि-ज-य न-ग-र. ज-ब-ल-पु-र." वाचून झाल्यावर त्यानं शाबासकीसाठी अवंतिकेकडे पाहिलं. आपलं नाव आयुष्यात इतकं सावकाश वाचलेलं श्रीकांतरावांनी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दारातला स्टँड, गच्ची, पापड, गणपत, थैली, रॉकेल. काहीच सोडलं नाही. अवंतिका भाषांतर करत होती. "मी विहीणबाईंना आधीच सांगायला पाहिजे होतं," ते शेवटी म्हणाले. "पण त्या घरात उभं राहून मी स्क्रूच्या गोष्टी केल्या होत्या. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगू?"

अमायाबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्या पाटावरून उठल्या, ओटीतले तांदूळ जमिनीवर सांडले तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं, आणि पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. विनताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बाई आता बॅग भरते, असंच सगळ्यांना वाटलं.

अमायाबाई परत आल्या त्या पुठ्ठ्याची एक लांब नळी घेऊन. नळीतून त्यांनी एक काळी छत्री काढली. नायलॉनची, बाकदार मुठीची. श्रीकांतरावांनी ती बघताक्षणी ओळखली, पण उघडली तेव्हा नाव असायचं तिथं नाव नव्हतं. तिथं काळ्या रंगाचा जाड थर होता.

अमायाबाई बोलू लागल्या आणि खूप वेळ बोलत राहिल्या. उनाई डोकं खाजवत इंग्रजी करायचा आणि अवंतिका मराठी. हर्षे मंडळी परत गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी धूळ झटकताना त्यांनी छत्री उघडली होती. अक्षरं वाचता आली नाहीत, पण तशीच अक्षरं त्यांनी अवंतिकेच्या फोनवर पाहिली होती. मग काय करायचं? हवेलीच्या कमिटीला सांगायचं, की माझ्या मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यांनी डॉन इग्नासियोची छत्री नेली? आणि तीसुद्धा स्क्रूची एवढी सुंदर गोष्ट सांगून झाल्यावर? त्यांना इतकी लाज वाटली की फोन करवेना. म्हणून त्यांनी नावावर काळा रंग फासला आणि छत्री स्टँडमध्ये उभी केली. कमिटीचे म्हातारे मोजदादीला आले. छत्री एक, असं मोजून गेले. मग हवेलीच्या नव्या पुस्तकासाठी फोटोवाला आला आणि त्यानं नेमका दारातल्या स्टँडचा फोटो काढला. आता त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर श्रीकांतरावांची छत्री होती.

"ती म्हणते," अवंतिका म्हणाली, "कोणाला न सांगता गुपचूप बदलून घ्यायची म्हणून ती ही छत्री घेऊन आली होती. तीन दिवस सगळ्या दारांमागे शोधून राहिली. अन् आई, ती म्हणते, सॉरी, तुमचं साड्यांचं कपाट उघडलं."

"अगंबाई," विनताबाई म्हणाल्या, "अन् मी काय काय समजले."

विनताबाईंनी दोन्ही छत्र्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीचं नाव गेलं होतं आणि ते जाऊन दुसरीवर बसलं होतं. आता परत कोणती जाणार, हा प्रश्न होता. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्रीकांतरावांच्या आवाजात स्टोअरचा साहेब आला.

"फोटोत जी आहे तीच परत गेली पाहिजे," ते म्हणाले. "मोजदाद करणारा माणूस मूळ वस्तू पाहत नाही, मागच्या वेळी पाहिलेली पाहतो. हे मला विचारा. फक्त त्या चांदीच्या पट्टीवर जहाजमालकाची अक्षरं आहेत. ती तिकडे गेली पाहिजे, इथं राहायला नको."

अमायाबाईंना ते पटलं. श्रीकांतरावांनी पेचकस आणला. उनाईनं पेचकसाच्या मुठीवरचं नाव वाचायला तोंड उघडलं, तर अवंतिकेनं त्याला कोपरानं ढोसलं. शिंगाच्या मुठीखालचा तो पितळी स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता. दोन आट्या सुटल्या, तिसऱ्या आटीला स्क्रूनं टुणकन उडी मारली आणि तो कुठेतरी गेला.

मग दोन्ही घरची माणसं गुडघ्यांवर आली. दिवाणाखाली विनताबाई आणि अमायाबाईंची डोकी एकमेकींवर आपटली. सांडलेल्या तांदळांत हात घालघालून पाहिलं, सतरंजी झटकली, पण स्क्रू काही सापडेना. श्रीकांतराव घामाघूम झाले. शेवटी अमायाबाईंनी पट्टी त्या दुसऱ्या छत्रीच्या दांड्यावर चढवून पाहिली. ती इतकी घट्ट बसली की स्क्रूची गरजच नव्हती. त्यांनी हातानंच खूण केली, राहू द्या.

"राहू द्या कसं? गेटबाहेर जाताना वस्तू पूर्ण पाहिजे," श्रीकांतराव म्हणाले. "मी त्यांची छत्री आणली, फाडली, थैली केली. अजून काय काय करू?"

अमायाबाई जमिनीवर बसूनच काहीतरी बोलल्या. उनाई हसायला लागला, अवंतिकेलाही भाषांतर करता करता हसू आवरेना.

"ती म्हणते, बाबा, तुम्ही स्क्रूचं सांगितलं होतं. छत्रीचं तर काही बोलला नव्हता."

विनताबाई हसल्या, मग सगळेच हसले. श्रीकांतरावही हसले, पण त्यांचे कान लालच होते. लग्न थंडीत करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे निघाले तेव्हा अमायाबाईंच्या एका हातात पुठ्ठ्याची नळी होती आणि खांद्याला ती काळी रेशमी थैली. ती त्यांनी मागून घेतली होती. फाटकाशी त्या थांबल्या आणि श्रीकांतरावांना बजावून गेल्या, की हवेलीत पुन्हा याल तेव्हा छत्री आणू नका, मी देईन.

पाहुणे गेल्यावर घर रिकामं वाटू लागलं. विनताबाईंचे उडदाचे पापड अजून राहिलेच होते. त्यांनी गच्चीवर जहाजमालकाची छत्री उघडून ठेवली, श्रीकांतरावांचं नाव रस्त्याच्या बाजूनं येईल अशी, आणि खाली येऊन दिवाण सरकवून झाडू मारायला घेतला. श्रीकांतराव पेपर वाचत बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांना पेपरमधलं काही समजत होतं.

"अहो," विनताबाई म्हणाल्या आणि तळहात त्यांच्यापुढे धरला. तांदळाच्या दोन दाण्यांबरोबर तिथं एक बारीकसा पितळी स्क्रू होता. "दिवाणाच्या पायाशी पडला होता. ठेवून देते. कामी येईल."

श्रीकांतरावांनी दचकून फाटकाकडे पाहिलं.